गोदीतला हूक, लोखंडी खोके आणि दूरवरची क्रेन : यंत्र आल्यावर काम नेमके कुठे जाते?

शिवडीकर (धागाकर्ता) :

यंत्रांमुळे, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे, जगभरातील रोजगाराचे काय होणार यावर सध्या पुष्कळ लिहिले जाते. त्यातील बहुतेक लेखन पुढच्या दहा-वीस वर्षांचे अंदाज बांधणारे असते. मला वाटते की जे एकदा संपूर्ण घडून गेले आहे, ज्याचा आरंभ आणि परिणाम दोन्ही आपल्यासमोर आहेत, अशा एखाद्या कामाकडे आधी नीट पाहावे. म्हणून हा धागा एकाच कामाबद्दल आहे : जहाजात माल भरणे आणि जहाजातून माल उतरवणे.

माझे वडील मुंबई गोदीत कामाला होते. राजापूर तालुक्यातून १९६२ साली ते मुंबईला आले आणि गावच्याच एका मुकादमाच्या ओळखीने गोदीत लागले. त्यांचे हत्यार म्हणजे लाकडी मुठीचा लोखंडी हूक. जहाजाच्या पोटात उतरायचे, पोती आणि गाठी हुकाने ओढून जाळीत रचायच्या, विंचवाल्याला, म्हणजे जाळी वर ओढणारे यंत्र चालवणाऱ्याला, हाताने इशारा करायचा, जाळी वर गेली की पुढची रचायला घ्यायची, असे पाळी संपेपर्यंत चाले. खजुराची पोती, गंधक, कापसाच्या गाठी, यंत्रांच्या पेट्या हे सारे एकाच जहाजात असू शकत असे आणि प्रत्येक मालाची उचलण्याची व रचण्याची रीत वेगळी असे. भर समुद्रात जहाज हेलकावे खाऊ लागल्यावर माल सरकू नये म्हणून कोणती पेटी कुठे ठेवायची, मधल्या फटीत लाकूड कसे ठोकायचे, हे ज्ञान टोळीतच एकाकडून दुसऱ्याकडे जाई. ठरलेल्या मापापेक्षा जास्त टन उतरवले तर जादा पैसे मिळत. त्या मापाला गोदीत सगळे ‘डेटम’ म्हणत.

या कामाला प्रतिष्ठाही हळूहळूच आली होती. त्याआधीच्या पिढीत रोज सकाळी फाटकावर उभे राहायचे आणि मुकादमाने बोट दाखवले तरच त्या दिवशी चूल पेटायची, अशी रीत होती. १९४८ च्या गोदी कामगार कायद्यानंतर नोंदणी आली, काम पाळीपाळीने वाटले जाऊ लागले आणि जहाज नसलेल्या दिवशीही हजेरीचे काही पैसे मिळू लागले. म्हणजे जगण्याला थोडे स्थैर्य आले, आणि त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला हे काम संपवणारी गोष्ट आकार घेत होती.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ‘आयडियल एक्स’ नावाचे जहाज ५८ लोखंडी खोकी घेऊन निघाले. ही कल्पना माल्कम मॅकलीन या ट्रक व्यावसायिकाची होती. सुटा माल जहाजात भरायला त्या काळी टनाला ५ डॉलर ८३ सेंट खर्च येई. त्या जहाजावरचा खर्च टनाला १६ सेंटांहूनही कमी भरला. हे दोन आकडे वाचले तेव्हा मला वडिलांच्या हुकाचे भवितव्य त्यात लिहिलेले दिसले. भारतात पहिले कंटेनर जहाज १९७३ साली कोचीनला लागले. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे, न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या एकोणिसाव्या शतकातील दोन गोद्या तर पुढे भराव घालून बुजवल्या गेल्या.

आता माझा मुद्दा. माल कमी झाला म्हणून वडिलांचे काम गेले असे झाले नाही. न्हावा-शेवा येथे २०२४-२५ या वर्षात वीस फुटी खोक्यांच्या मापाने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले गेले. वडिलांच्या टोळीने कल्पनाही केली नसेल इतका हा माल आहे. काम खाडी ओलांडून समोरच्या किनाऱ्यावर गेले. आमच्याकडून हवा स्वच्छ असली की तिथल्या क्रेन दिसतात. तरीही वडिलांच्या टोळीतला एकही माणूस त्या कामाबरोबर पलीकडे गेला नाही. यंत्राने किती माणसे कमी केली, याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न मला असा वाटतो की काम ज्या नव्या ठिकाणी गेले तिथे कोणाला घेतले गेले, कोणत्या अटींवर घेतले गेले, आणि त्या अटी कोणी ठरवल्या. इतर देशांत हे कसे झाले, आणि आज जे या धंद्यात आहेत त्यांना काय दिसते, ते कृपया लिहावे.

डोलकाठी :

मी व्यापारी जहाजांवर चोवीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे जहाजाच्या बाजूने थोडी भर घालतो. नुसत्या खोक्याने हा बदल झाला नसता. खोकी आधीही होती. खरा बदल खोक्याचे माप जगभर एक झाल्यामुळे झाला. १९६० च्या दशकात लांबी, रुंदी आणि कोपऱ्यांच्या लोखंडी जोडांची आंतरराष्ट्रीय मानके ठरली, आणि मॅकलीन यांच्या कंपनीने कोपऱ्यांच्या जोडणीचे पेटंट इतरांना खुले केले. मग तेच खोके शांघायची क्रेन उचलू शकली, तेच रॉटरडॅमची आगगाडी वाहू शकली आणि तेच नागपूरच्या कारखान्यात उघडता आले. माल बंदरात न भरता कारखान्यातच भरला जाऊ लागला, म्हणजे आपल्या वडिलांच्या टोळीचे कौशल्य एका अर्थी भिवंडीच्या गोदामात आणि पुण्याच्या कारखान्यात विखुरले गेले.

जहाजावरचे कामही बदलले. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलेले ‘एव्हर गिव्हन’ सर्वांना आठवत असेल. वीस हजारांहून अधिक कंटेनर वाहू शकणाऱ्या, ४०० मीटर लांबीच्या त्या जहाजावर फक्त २५ माणसे होती, आणि ते सर्व २५ जण भारतीय होते. जुन्या काळी याच्या विसाव्या हिश्श्याचा माल नेणाऱ्या जहाजावर याहून जास्त खलाशी असत. शिवाय पूर्वी जहाज धक्क्याला लागले की आठवडा-दोन आठवडे हलत नसे. खलाशांना गाव पाहता येई. आता कित्येक बंदरांत आम्ही एका दिवसाच्या आत बाहेर पडतो. मी रॉटरडॅमला किमान पंधरा वेळा गेलो आहे आणि शहर मात्र एकदाच पाहिले आहे. नोकरी टिकली, पगारही चांगला मिळाला, पण कामातील एकटेपणा फार वाढला, आणि हा बदल रोजगाराच्या कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

अटलांटिकपार :

शिवडीकर, आपण ज्या न्यूअर्कचा उल्लेख केलात त्या बंदरापासून मी वीस मिनिटांवर राहतो. खाडी ओलांडून काम जाण्याची गोष्ट इथेही अगदी तशीच घडली. मॅनहॅटन आणि ब्रुकलिनचे धक्के ओस पडले आणि सर्व माल न्यू जर्सीच्या दलदलीवर बांधलेल्या न्यूअर्क-एलिझाबेथच्या विस्तीर्ण आवारात गेला, कारण कंटेनरला धक्क्यापेक्षा मागे मोकळी जमीन जास्त लागते. पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोचे काम असेच समोरच्या ओकलंडला गेले.

फरक पडला तो करारांमुळे. पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांचे नेते हॅरी ब्रिजेस यांनी १९६० साली मालकांशी जो करार केला तो मला आजही विलक्षण वाटतो. त्यांची भूमिका साधारण अशी होती की यंत्र थांबवता येणार नाही, तेव्हा यंत्रामुळे जो पैसा वाचणार आहे त्यातला वाटा आधीच ठरवून घ्यावा. मालकांना यंत्रे आणण्याची आणि टोळीतील माणसे कमी करण्याची मोकळीक मिळाली. त्या बदल्यात त्यांनी साडेपाच वर्षांत एकूण २ कोटी ९० लाख डॉलर एका निधीत भरायचे होते. त्यातून लवकर निवृत्त होणाऱ्यांना रक्कम मिळणार होती, आणि नोंदणीकृत कामगारांपैकी कोणालाही यंत्रामुळे घरी पाठवले जाणार नव्हते. पूर्व किनाऱ्यावर वेगळा मार्ग निघाला. न्यूयॉर्कच्या गोदी कामगारांनी १९६० च्या दशकातच वर्षाला १,६०० तासांच्या वेतनाची हमी मिळवली, मग तेवढे काम असो वा नसो.

तरी या कराराची एक काळी बाजू सांगितलीच पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावर कामगारांचे दोन वर्ग होते. ‘अ’ वर्गाला संपूर्ण संरक्षण मिळाले. ‘ब’ वर्गातले लोक तेच काम करत, पण त्यांना मतदानाचा हक्क नव्हता आणि निधीचा लाभही नव्हता. करार ज्यांनी केला ते सुरक्षित झाले. जे दारात उभे होते त्यांच्यासाठी दार बंद झाले. आणि ‘अ’ वर्गातही समाधान टिकले नाही. १९७१ साली त्याच संघटनेने चार महिन्यांहून अधिक काळ संप केला, त्यामागे कंटेनरचे काम कोणी करायचे आणि काही ठराविक क्रेनचालक एकाच मालकाकडे कायम ठेवायचे का, हे प्रश्न होते.

खतावणी :

धागा फार चांगला आहे. तरीही मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. मी बँकेत पस्तीस वर्षे नोकरी केली. १९८३ साली बँकांच्या संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रे आणि संगणक यांविषयी पहिला मोठा करार झाला, तेव्हा आमच्या शाखेत खरोखर भीतीचे वातावरण होते. लेजर लिहिणाऱ्यांची नोकरी जाईल असे सगळ्यांनाच वाटत होते. लिपिकांचे प्रमाण पुढे घटले हे खरे, पण बँकांच्या शाखा, खाती आणि कर्जे यांचा विस्तार इतका झाला की त्या भीतीचे स्वरूप निराळेच निघाले.

कंटेनरबाबतही तसेच आहे. माझे सासर निफाड तालुक्यात. तिथली द्राक्षे आज शीत कंटेनरमध्ये भरून न्हावा-शेवामार्गे नेदरलँड्सला जातात. हुकाने ओढायच्या पोत्यांच्या काळात हे अशक्य होते. द्राक्ष जहाजाच्या पोटात आठवडाभर पडून राहिले असते तर त्याचा लगदा झाला असता. जानेवारी ते एप्रिल या काळात तिथल्या पॅकहाऊसमध्ये शेकडो स्त्रिया घड निवडण्याचे आणि कातरण्याचे काम करतात. हे रोजगार त्याच लोखंडी खोक्यामुळे निर्माण झाले. गोदी कामगारांचे दुःख मी कमी लेखत नाही. परंतु दुसऱ्या पानावरची जमा न लिहिता फक्त नावे बाजू लिहिली, तर ताळेबंद चुकेल.

शिवडीकर :

खतावणी, आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि द्राक्षांचे उदाहरण माझ्या लक्षात आले नव्हते. मात्र नावे आणि जमा या नोंदी दोन वेगळ्या माणसांच्या खात्यांवर आहेत, ही गोष्ट मला पुढे सरकू देत नाही. राजापूरच्या माणसाच्या खात्यावर नावे पडले आणि निफाडच्या बाईच्या खात्यावर जमा झाले. देशाची बेरीज चांगली आली, तरी पहिल्या माणसाला त्यातून काही मिळाले नाही.

लंडनचे उदाहरण घ्या. ईस्ट इंडिया गोदी १९६७ साली बंद झाली, त्यानंतर एकेक करत १९८१ साली रॉयल गोद्यांपर्यंत सर्व बंद झाल्या. माल फेलिक्सस्टो या लहानशा बंदराकडे गेला. ब्रिटनमध्ये १९४७ पासून गोदी कामगारांना संरक्षण देणारी एक राष्ट्रीय योजना होती आणि फेलिक्सस्टो त्या योजनेच्या बाहेर होते, हा योगायोग नव्हता असे माझे ठाम मत आहे. जुन्या किनाऱ्यावर शंभर वर्षे झगडून मिळवलेले नियम नव्या किनाऱ्यावर लागूच होत नाहीत, आणि यंत्राबरोबर नियमही बदलतात. आज वेस्ट इंडिया गोदीच्या जागी कॅनरी व्हार्फचे काचेचे मनोरे आहेत. तिथे हजारो लोक काम करतात, पण ते गोदी कामगारांची मुले आहेत का, हे विचारून पाहावे.

वडिलांना निवृत्तिवेतन मिळाले आणि ते नियमित मिळत राहिले, याबद्दल आमच्या घरात कृतज्ञताच आहे. मुंबई बंदरात आज निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची संख्या कामावर असणाऱ्यांच्या कितीतरी पट आहे. म्हणजे जे होते त्यांना सांभाळले गेले. पण माझ्या चुलतभावांपैकी एकालाही गोदीचे दार दिसले नाही. एक रिक्षा चालवतो, एक कुरिअरचे सामान पोहोचवतो, एक गावी परत गेला. अटलांटिकपार यांनी ‘ब’ वर्गाबद्दल लिहिले ते वाचताना मला हे तिघे आठवले.

उरणकर :

ज्या समोरच्या किनाऱ्यावर काम आले तिथला मी आहे, म्हणून लिहिणे भाग आहे. मुंबईकरांना वाटते की काम आमच्याकडे आले. आमच्याकडे आधी जमीन मागणारे आले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात आणि नवघर फाट्यावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या रक्तातून निघाली. बंदरासाठी शेवा आणि शेवा कोळीवाडा ही गावे उठवली गेली. मिठागरे, भातशेती आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या माणसांना सांगितले गेले की घरटी एक नोकरी मिळेल.

बंदर पहिल्यापासूनच यांत्रिक होते, त्यामुळे बंदराच्या फाटकाच्या आत आम्हांला जागा थोड्याच होत्या. खरा रोजगार फाटकाबाहेर निर्माण झाला : कंटेनर उघडून माल तपासायची आणि साठवायची यार्डे, ट्रेलर, टायरची दुकाने, खानावळी, सुरक्षारक्षक. मी स्वतः एका यार्डात अकरा वर्षे माल मोजणीचे काम केले, तेही ठेकेदारामार्फत. अकरा वर्षांत ठेकेदार चार वेळा बदलले आणि प्रत्येक वेळी माझी नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू झाली असे कागदावर लिहिले गेले.

पुढे २०१६ नंतर माल बंदरातून थेट कारखान्याकडे नेण्याची व्यवस्था वाढली, कंटेनरवर रेडिओ लहरींचे टॅग लागले, कागदपत्रे संगणकावर आली. व्यापाऱ्यांचा वेळ आणि पैसा वाचला. माझ्या यार्डात मात्र येणारे कंटेनर घटत गेले आणि एके दिवशी आमच्या पाळीतल्या चौदा जणांना येऊ नका असे सांगण्यात आले. इथे क्रेन आली नव्हती, रोबो आला नव्हता. केवळ माहिती लवकर पोहोचू लागली आणि माल थांबण्याची जागा अनावश्यक ठरली. तंत्रज्ञानाने काम जाते तेव्हा यंत्र डोळ्यांना दिसतेच असे नाही, एवढे मला या चर्चेत नोंदवायचे होते. बंदराचे स्वतःचे जे टर्मिनल होते तेही २०२२ मध्ये खासगी कंपन्यांना चालवायला दिले गेले.

माथाडीकन्या :

माझे वडील मशीद बंदरला आणि नंतर वाशीच्या बाजारात माथाडी कामगार होते. मूळ गाव पाटण तालुक्यात. उरणकरांनी ठेकेदार बदलल्यावर नोकरी नव्याने सुरू होण्याची जी गोष्ट सांगितली, त्यावर महाराष्ट्राने १९६९ सालीच एक उपाय शोधला होता. अण्णासाहेब पाटील यांनी उभ्या केलेल्या चळवळीतून आलेल्या माथाडी कायद्यात कामगार कोणत्याही एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो. तो मंडळाकडे नोंदलेला असतो. ज्याचा माल टोळीने उचलला तो व्यापारी मजुरी मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे, औषधोपचार हे सारे मिळते. आज दहा दुकानांत काम केले तरी नोकरी एकच राहते. मी पदवीधर झाले ती त्या व्यवस्थेमुळे.

आता अडचण अशी की लेव्ही पाठीवरच्या ओझ्यावर बसते. माल पॅलेटवर रचून आला आणि फोर्कलिफ्टने उचलला, तर ‘इथे माथाडी काम होतच नाही’ असा दावा केला जातो. काही ठिकाणी माथाडींच्या नावाने खंडणीखोरीही झाली, हे मी लपवणार नाही. त्याने आमच्या माणसांचीच बदनामी झाली. तरीही मूळ विचार किती दूरदृष्टीचा होता, हे आता दुसऱ्याच क्षेत्रात दिसते आहे. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली ॲपवर काम करणाऱ्या चालक आणि डिलिव्हरी कामगारांसाठी जे कायदे केले, त्यांत हेच आहे : कल्याण मंडळ, कामगारांची नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारामागे कंपनीने भरायचे शुल्क. शिवडीकर, आपला कुरिअर पोहोचवणारा चुलतभाऊ आणि माझे वडील यांच्या कामात पन्नास वर्षांचे अंतर आहे, पण मालक रोज बदलतो ही अडचण एकच आहे. ज्या महाराष्ट्रात हा विचार पहिल्यांदा कायद्यात आला, त्या महाराष्ट्राने या बाबतीत मागे राहावे याचे मला फार वाईट वाटते.

नियंत्रणकक्ष :

मी बंदरांच्या स्वयंचलित प्रणालींवर काम करणारा अभियंता आहे, त्यामुळे ज्या बाजूला अनेकांचा राग असतो त्या बाजूने लिहितो आहे. रॉटरडॅमला १९९३ साली पहिले स्वयंचलित कंटेनर टर्मिनल सुरू झाले. चालकाविना धावणाऱ्या गाड्या तिथे तीस वर्षांहून अधिक काळ कंटेनर वाहत आहेत. २०१७ साली चीनमध्ये किंगदाओ आणि शांघायजवळील यांगशान येथे फार मोठी स्वयंचलित टर्मिनले उभी राहिली. यातील एक बाजू सहसा सांगितली जात नाही. मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने २०१८ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की स्वयंचलित बंदरांत चालवण्याचा खर्च १५ ते ३५ टक्के घटतो, पण उत्पादकताही ७ ते १५ टक्के घटते. कसलेला क्रेनचालक वाऱ्याचा झोत, जहाजाची हालचाल आणि केबलचा झोका हे सारे एकदम जोखतो आणि अपवादात्मक प्रसंग चटकन हाताळतो. प्रणाली अशा प्रसंगी थांबते आणि माणसाला बोलावते. शिवाय जहाजावरील कंटेनर एकमेकांना लोखंडी सळ्यांनी आवळण्याचे आणि सोडवण्याचे काम जगातील बहुतेक बंदरांत आजही माणसेच करतात, आणि ते गोदीतील सर्वांत धोकादायक कामांपैकी आहे. म्हणजे आरामाचे काम आधी यंत्राकडे गेले आणि जिवावरचे काम माणसाकडे राहिले, ही खंत मला माझ्या व्यवसायाबद्दल मनापासून वाटते.

दुसरे उदाहरण आशेचे आहे. केरळमधील विळिंजम बंदर २ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. तिथल्या आवारातील क्रेन नियंत्रण कक्षात बसून चालवल्या जातात, आणि त्या चालवणाऱ्यांमध्ये स्थानिक तरुणी आहेत, त्यांतल्या काही कोळी कुटुंबांतल्या आहेत. पन्नास फूट उंच शिडी चढून केबिनमध्ये बसण्याचे काम असताना बायकांना कोणी विचारले नसते. यंत्राने दार उघडले हे खरे, पण त्या मुलींना निवडून, शिकवून, खुर्चीवर बसवण्याचा निर्णय माणसांनी घेतला.

अटलांटिकपार :

‘नियंत्रणकक्ष’ यांच्या प्रतिसादावरून इथला ताजा संप आठवला. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मेनपासून टेक्सासपर्यंतच्या गोदी कामगारांनी काम थांबवले. तीन दिवसांत वेतनाचा प्रश्न सुटला. सहा वर्षांत ६२ टक्के वाढ मान्य झाली. यंत्रांचा प्रश्न मात्र जानेवारी २०२५ पर्यंत चर्चेत राहिला. ठिणगी पडली होती ती अलाबामा राज्यातील मोबील बंदरात, आणि तीही क्रेनमुळे नव्हे, तर फाटकावर ट्रकची नोंद आपोआप करणाऱ्या प्रणालीमुळे. उरणकरांनी सांगितले तेच : फाटकावरचा मोजणी कारकून आधी गेला. अखेरच्या करारात नवी उपकरणे आणता येतील, पण त्यांबरोबर माणसांच्या कामाची हमी द्यावी लागेल, असे ठरले. रॉटरडॅमलाही जानेवारी २०१६ मध्ये नव्या स्वयंचलित टर्मिनलांमुळे काम घटेल म्हणून चोवीस तासांचा संप झाला आणि त्यानंतर काही वर्षांची नोकरीची हमी मिळाली.

पालघरची :

मी हा धागा दोन दिवस वाचते आहे. आमच्या डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये आहे आणि बारा लाख लोकांना प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष रोजगार मिळेल असे सरकार सांगते. आमच्याकडे मासेमारी आहे, चिकूच्या वाड्या आहेत, आणि घराघरांत दागिन्यांचे साचे कोरण्याचा डायमेकिंगचा धंदा आहे. तो धंदा फारसा कोणाला माहीत नाही, पण त्यावर कित्येक कुटुंबे चालतात. कोळी बांधवांचा बंदराला विरोध आहे आणि त्यात मीही आहे, कारण समुद्रात भराव झाल्यावर मासळीची पैदास होण्याच्या जागा परत मिळणार नाहीत.

पण माझ्या पुतण्याने बंदराच्या प्रशिक्षणासाठी नाव नोंदवले आहे, आणि मी त्याला अडवू शकत नाही. तो मला विचारतो की आत्या, तिथे क्रेन आपोआप चालणार असतील तर हे बारा लाख लोक नेमके कोणते काम करणार? मला उत्तर देता येत नाही. उरणकर, तुम्ही या सगळ्यातून गेला आहात. तुमच्या गावांनी त्या वेळी काय लिहून घ्यायला हवे होते, असे आज वाटते?

उरणकर :

ताई, तीन गोष्टी. आम्ही ‘घरटी एक नोकरी’ मागितली, पण नोकरी कोणाकडे हे लिहून घेतले नाही. ठेकेदाराकडची नोकरीही नोकरीच मोजली गेली. तेव्हा ठेकेदार बदलला तरी माणूस आणि त्याची सेवेची वर्षे पुढे चालू राहतील, हे कागदावर हवे. माथाडीकन्या यांनी सांगितलेले मंडळ त्यासाठी योग्य आहे, आणि त्याची लेव्ही पाठीवरच्या ओझ्याऐवजी बंदरातून जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरवर बसवावी, म्हणजे क्रेन आपोआप चालली तरी मंडळ रिकामे पडणार नाही. दुसरे, आम्ही फक्त बापाच्या पिढीसाठी भांडलो. आज जी मुले पाचवीत आहेत त्यांचे नाव कुठल्याच कागदात नव्हते. तिसरे, नोकऱ्यांचा आकडा सांगितला की त्याची फोड मागा : फाटकाच्या आत किती, बाहेर किती, बांधकाम संपल्यावर किती उरणार. आम्ही ती कधीच मागितली नाही.

नियंत्रणकक्ष :

पुतण्याला माझा निरोप द्या की क्रेन चालवण्याबरोबर तिची देखभाल शिकावी : विद्युत यंत्रणा, सेन्सर, शीत कंटेनरची दुरुस्ती. स्वयंचलित बंदरात रात्री दोन वाजता ज्याला फोन जातो तो माणूस हाच असतो. त्याची इच्छा असल्यास मी दर रविवारी तासभर मराठीतून ऑनलाइन शिकवीन. संदेश पाठवावा.

पालघरची :

दोघांचे आभार. उरणकर, तुमचा प्रतिसाद मी छापून घेतला आहे. अटलांटिकपार, १९६० चा तो करार आणि २०२५ चा करार यांतील कामाच्या हमीची कलमे मराठीत मिळू शकतील का? पुढच्या महिन्यात गावात बैठक आहे. विरोध करणारे आणि प्रशिक्षण घेणारे, दोन्हीकडची माणसे तिथे येणार आहेत.

अटलांटिकपार :

करतो. १९६० च्या करारापासून सुरुवात करतो, कारण ‘ब’ वर्गाचे काय झाले ते बैठकीत आधी वाचले जावे असे मला वाटते. कायद्याची भाषा मराठीत आणताना शिवडीकर यांनी एकदा नजर घालावी, गोदीतले शब्द त्यांना ठाऊक आहेत.

शिवडीकर :

अवश्य पाठवा. टोळी, पाळी, डेटम, हजेरी हे शब्द तसेच ठेवूया; वाढवणच्या मुलांनाही ते कळतील.